ढालीवर मालकाचं नाव

३ फेब्रुवारी
दादाला दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात आता काही राहिलं नाही, घरीच ठेवा. ऑक्सिजनचं सिलिंडर खाटेशी. वहिनी उशी नीट करत राहिली.
संध्याकाळी डोणगावहून अजितचा फोन. जिल्ह्यातल्या हौशी मोटार शर्यतींच्या इतिहासाचं पुस्तक तो काढतोय. माझा मजकूर वीसला छापखान्यात जायलाच हवा. हो म्हटलं. पेपरात असताना पान कधी उशिरा सोडलं नाही.

५ फेब्रु.
अजितकडे. या शर्यती त्याच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी सुरू केल्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. बैठकीत ढाली ओळीने मांडलेल्या. दर ढालीवर साल आणि गाडीमालकाचं नाव. चालवणाऱ्याचं कुठेच नाही. बापूसाहेब आणि त्यांचे सोबती शंकरपटाचे, बैलांच्या शर्यतीचे शौकीन, म्हणून कायदाही पटाचाच: जोडी मालकाच्या नावाने पळते, हाकणाऱ्याला कोण पुसतो. टप कापलेल्या गाड्या, धाडजवळच्या माळावर चुन्याच्या फक्कीने आखलेली धाव, आणि कर्ण्यावर पुकारा, "बापूसाहेबांची लाल गाडी!"
आत माझा दादा, वसंता असायचा.

७ फेब्रु.
दादाला पुस्तकाचं सांगितलं. छताकडे बघत होता. मग, "माह्यं नाव टाकशीन?" दम घेऊन, "एक डाव छापेल पाहू दे."
वहिनी: "आता नाव पाह्यजे म्हने! माह्यं नाव तरी आठवते का? जन्मभर 'ओ, ऐकलं का' म्हनूनच हाक मारली."
तिघंही हसलो. दादाला ठसका लागला. निळा पडला. हसणं कुठल्या कुठे गेलं.
त्याने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही.

१० फेब्रु.
अजित फोनवर: "टाका ना काका. वसंतकाका होते म्हणून तं ह्या ढाली घरात आल्या. दर सालापुढे मालक अन् चालक, दोघंबी."
आनंदाने लिहायला बसलो. पहिलं साल, दादा. दुसरं, दादा. तिसऱ्याशी अडलो. त्या साली लाल गाडीने धाव जिंकली, पण ती आवरली नाही, लोकांत घुसली. धाडचा किसन गेला. गाडी बापूसाहेब स्वतः चालवत होते, जेल त्यांनी भोगली. हे सगळ्यांना माहीत आहे.
सहज विचारलं, "त्या साली तू कुठं होतास रे?"
दादाने तोंड भिंतीकडे केलं. जेवला नाही.

११ फेब्रु.
सकाळी आपणहून बोलला. तुटक तुटक.
"मीच होतो. बापूसाहेब पयत आले. मले वढून बाहेर काढलं अन् सोता सीटवर बसले. म्हने, गाडी माह्या नावानं पयते वसंता, त मानूसबी माह्याच नावावर मेला. तू जाय घरी."
मग, "अन् मी आलो घरी."
वहिनी दारात उभी होती. तिला आधीपासून माहीत असावं. मला नव्हतं.

१३ फेब्रु.
वाट काढायला गेलो. तिसऱ्या साली चालकाची जागा मोकळी सोडू, बाकी सगळीकडे तुझं नाव.
दादा: "जितलेले सालं माहे, अन् थे एक साल त्याह्यचं? नाही बे. सारे लिह्य, नाही तं एकबी नको."
"केवढा बोभाटा होईल, कळतं का?"
"मी असतो का तवा?"
 बाहेर येऊन ओट्यावर बसलो.

१४ फेब्रु.
अजितला भेटून खरं सांगितलं.  चहा तसाच राहिला.
"काका, बाबानं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. मायलेबी नाही सांगितलं. आता मी छापू, की बाबा कोर्टात खोटं बोलले? त्याहीनं वसंतकाकाले दिलेला शब्द मी मोडू?"
"पण दादा..."
"वसंतकाकाचं नाव लावा, सोन्यानं लावा. ते साल सोडून."
दोघंही खरे. दोघांच्या मधे मी, आणि दादाच्या छातीत श्वास उरलेला नाही.

१७ फेब्रु.
धाडला गेलो, आठवडी बाजार. किसनची बायको भाजी विकते, विचारत विचारत सापडली. म्हातारी झाली आहे. तिला विचारावं म्हणून गेलो होतो. पण काय विचारणार? कोणाचं नाव पाहिजे तुम्हाला, असं?
"घ्या ना भाऊ, सकायची तोडेल हाय."
मेथी घेतली. पुन्हा घेतली. पिशवी भरली तरी तोंड उघडेना. तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा ती हसली, "घरी लगन हाय का भाऊ?"
घरी वहिनी: "इतकी मेथी कोन खाईन?"

१९ फेब्रु.
दादाचा श्वास घरभर ऐकू येतो. बाकी सगळा मजकूर तयार. ते पान नाही. लिहितो, फाडतो. उद्या वीस.

२० फेब्रु.
दुपारी दादाने बोलावलं. "आज जाते नं? वाच."
वाचू लागलो. पहिलं साल. मालक बापूसाहेब, चालक वसंता. डोळे मिटून मान हलवली. दुसरं साल. तेच. वहिनीने पदर तोंडाला लावला.
तिसऱ्याशी आलो. मालकाचं नाव वाचलं. पुढे चालकाची जागा सकाळपासून कोरीच होती. बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता, छापखान्याचाच असणार.
दादाने डोळे उघडले.
"काऊन थांबला बे? वाच ना."