अंगठा उमटेपर्यंत

३ मार्च, सोमवार

आजपासून मी लायब्ररीतली सगळ्यात नावडती मुलगी!

आमच्या ग्रंथपाल विजयमाला मॅडमनी सकाळीच बोलावलं. "आराधना, रीडिंग हॉलमध्ये जागा धरणं बंद करायचंय. खुर्ची अर्धा तास रिकामी दिसली की सामान उचल आणि काउंटरवर आणून ठेव. तुझ्यासारखं खमकं दुसरं कुणी नाही." खमकं म्हणजे भांडकुदळ, एवढं मला कळतं. पण 'कमवा आणि शिका'मधून लायब्ररीत काम करते, नाही म्हणायची सोय नाही. आणि खरं सांगायचं तर काम मला आवडलं.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात ना, तसं इथे चालतं. एकजण दार उघडताच येतो आणि सगळ्या टोळीच्या खुर्च्या धरून चहाला जातो. बाटली, डबा, हेल्मेट — एका खुर्चीवर तर नुसता एक मोजा. संध्याकाळपर्यंत सगळे आपापलं सामान भांडून घेऊन गेले. मोज्याचा मालक काही आला नाही.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. सकाळी चर्चला जाऊन आले. उपवासकाळात यंदा काय सोडायचं, असा विचार करत होते, तेवढ्यात सोनईहून आईचा फोन — "तू आधी ते फाडकन बोलनं सोड." बरं. ठरलं. ईस्टरपर्यंत कुणाला टाकून बोलायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही. दुसरं सोपं आहे, खोटं मला जमतच नाही.

टाकून न बोलणं दुपारपर्यंत टिकलं. मुलींच्या रांगेत खिडकीजवळच्या खुर्चीला एक पोपटी स्टोल बांधलेला असतो. सकाळपासून तिथे चिटपाखरू नाही. सोडवून काउंटरवर नेला. तासाभराने बघते तर पुन्हा खुर्चीला! कोण बांधतंय ते कुणी सांगेना. मग मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

६ मार्च

स्टोल पुन्हा तिथेच.

१० मार्च, सोमवार

चोर सापडला. स्नेहल — पुणतांब्याची, माझ्याच वर्गातली, कधी कुणाच्या अध्यातमध्यात नसते. मी गाठ सोडत होते, तर माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे ना. ती येणार हाय."

"कोण?"

"वृषाली."

वृषाली कोण ते आठवायला मला वेळ लागला, याची लाज वाटली. एमएच्या दुसऱ्या वर्षाची, इतिहासवाली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या खिडकीत बसायची. फेब्रुवारीपासून दिसत नाही. स्नेहल तिची रूममेट. तिने सांगितलं — सोयरीक जमली. मुलगा बारावी झालेला. मुलगी एमए झाली तर आमच्या पोराला जड जाईल, असं त्या लोकांचं म्हणणं. शिक्षण पुरे, पोरगी घरी आणा. वडिलांनी शब्द दिला आणि येऊन घेऊन गेले. आता ती घोडेगावाजवळ घरच्या रानात कांदा काटते, म्हणजे दिवसभर विळ्याने पात कापत बसते. फोन भावाकडे असतो.

"परीक्षेला येईल?"

"जाताना सतरांदा म्हनली हुती, येते म्हनून. मंग तिची जागा दुसऱ्याला कशी देऊ?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट मनात आलं, मी गेले तर माझी जागा धरेल असं इथे कोण आहे? कुणी नाही. फार वाईट वाटलं, लिहून टाकते.

११ मार्च

उपाय सापडला. नियम असा की खुर्ची अर्धा तास रिकामी नको. मग दर अर्ध्या तासाने मी तिथे जाऊन दोन मिनिटं बसते. खुर्ची रिकामी नाही. नियम मोडला नाही. मी ड्यूटीवर नसते तेव्हा स्नेहल बसते.

मॅडमनी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं.

१४ मार्च

धुळवड. हॉल ओस. तरी जाऊन बसून आले. खिडकीतून कडुलिंब दिसतो. जागा खरंच चांगली आहे.

१९ मार्च, बुधवार

काय करून बसले मी!

दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. मॅडम मीटिंगमध्ये, मीच उचलला. "वृषालीचा बाप बोलतोय, कोंडीराम." आवाज मऊ, अदबीचा. "तिची धाव्वी-बारावीची कागदं पायजेत. हापिसातलं म्हनत्यात, आधी लायब्ररीचं पुस्तक जमा करा. पुस्तक घरात हाय. कुनाच्या हाती धाडलं तर चालंल का?"

चालतं. पुस्तक कुणीही आणून द्यावं — बारकोडची पट्टी मशीनखाली धरायची, झालं. अंगठ्याचं मशीन दारात आहे ते नुसतं हजेरीचं. हे मला झोपेतही सांगता येईल. आणि मी म्हणाले —

"नाही काका. ज्याच्या नावावर पुस्तक आहे त्याचाच अंगठा लागतो. तिला घेऊनच या."

"अंगठा लागतो?"

"हो. मशीनचा नियमच आहे."

"असं म्हना की. बरं. घेऊन येतो."

जन्मात पहिल्यांदा इतकं सफाईने खोटं बोलले, आणि तेही उपवासकाळात. देवा, बघितलंस ना. पण आत्ता माघार नको घ्यायला लावूस.

२० मार्च

स्नेहलला सांगितलं. तिने मला मिठीच मारली. रीडिंग हॉलमध्ये! लोकांनी 'शूऽऽ' केलं. मला, जी रोज त्यांना 'शूऽऽ' करते!

२९ मार्च, शनिवार

आले. दोघं आले.

काल घोडेगावचा बाजार होता. कोंडीरामकाका तिथे जनावरांच्या सौद्यात दलाली करतात. स्नेहलने सांगितलं होतं — ते तोंडाने एक भाव बोलतात आणि रुमालाखाली बोटांनी दुसराच ठरवतात. मला वाटलं कुणी दांडगा माणूस असेल. तर हडकुळे, टोपी हातात धरलेली, दारातच चपला काढून उभे. मागे वृषाली. रापलेली. पोरीने पुस्तक छातीशी धरलं होतं.

नेमक्या मॅडम काउंटरवर! त्या हात पुढे करून म्हणाल्या, "द्या इकडे, जमा करून घेते." तेवढ्यात काकाच म्हणाले, "हिचा अंगठा लागतो न्हवं का, म्याडम?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वृषालीकडे. मग माझ्याकडे — फार सावकाश. आणि पुस्तक बाजूला ठेवलं. "हो. लागतो. ठेव गं अंगठा."

इथवर सगळं माझ्या नाटकाप्रमाणे. पण पुढचं माझ्या हातातलं नव्हतं. वृषालीने दारातल्या मशीनवर अंगठा ठेवला — 'प्लीज ट्राय अगेन'. पुसून ठेवला — 'प्लीज ट्राय अगेन'. डावा ठेवला. तेच. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. महिनाभर कांदा काटून बोटं काळी पडलेली, पेरावरच्या रेषा घासून सपाट. मशीनला दिसेल असं काही उरलंच नव्हतं. मला तिथेच रडू येईल असं झालं.

काका मात्र अगदी सहज म्हणाले, "रेशनच्या दुकानात माझा बी घेत न्हाई. कांद्याचं काम थांबलं की येतो माघारी. आठ-पंधरा दिस लागत्यात."

"मग उद्या पुन्हा बघू," असं मी काहीतरी बोलले.

"उद्या पाडवा, परवा ईद. बंदच असंल तुमचं." थोडा वेळ टोपी फिरवत उभे राहिले. "तिची कॉट हाय न्हवं हॉस्टेलला अजून? मंग ऱ्हाऊ द्या तिला हितंच. अंगठा उमटला की न्यायला येतो."

एवढं बोलून गेले. स्नेहल आतून धावत आली. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "आराधना, हा नियम मलाही आजच कळला."

वृषाली खुर्चीपाशी गेली. स्टोल बघितला. "माझी जागा मोकळी कशी राहिली?" स्नेहलने माझ्याकडे बोट दाखवलं. मी पुस्तकं लावायला निघून गेले. मला अशा वेळी उभं राहता येत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी अंगठा — नाही. वृषाली हसली आणि जाऊन वाचायला बसली. पोर्शन केवढा राहिलाय तिचा! स्नेहलच्या नोट्स, माझा चहा. दुपारी जेवायलासुद्धा उठेना, तेव्हा ओरडावं लागलं. हे टाकून बोलण्यात धरत नाही.

३ एप्रिल

अंगठा नाही. आधुनिक महाराष्ट्राची दोन प्रकरणं संपली!

५ एप्रिल, शनिवार

आज चहा पिताना वृषालीला विचारलं, "लग्न करायचंय का तुला?" फाडकनच विचारलं. तिने कप खाली ठेवला. "मुलगा वाईट नाही गं. पण आत्ता मी काही म्हणायला गेले तर कोण ऐकेल? एकदा एमए होऊ दे. मग माझी मी बोलेन त्यांच्याशी." म्हणजे सगळं या पेपरांवर आहे. पंधराला पहिला, पंचविसाला शेवटचा. तेवढे दिवस कसे काढायचे?

स्नेहल म्हणते, रोज सकाळी वृषालीला आमची सगळ्यांची भांडी घासायला लावू, म्हणजे अंगठा येणारच नाही. वेडी आहे. पण अर्धा मिनिट मीही विचार केला.

७ एप्रिल, सोमवार

'थँक यू.'

मशीन म्हणालं. हिरवा दिवा लागला. आम्ही तिघी दारात अशा उभ्या, जसं काही पोलीसच आले. अंगठ्यावर बारीक रेषा परत आल्यात, स्वच्छ दिसतात. एरवी किती सुंदर गोष्ट!

"आता?" वृषाली म्हणाली.

"जा, वाचायला बस," मी म्हणाले.

१० एप्रिल, गुरुवार

काकांचा फोन. "उमटला का?" "नाही काका, अजून नाही." "बरं बरं." एवढंच. त्या माणसाचा आवाज इतका साधा की मला दिवसभर जेवण गेलं नाही. त्या पोरीचा बाप आहे तो. विश्वासाने ठेवून गेलाय. आणि मी त्याला फसवतेय.

स्नेहल म्हणते, चांगल्यासाठी बोललेलं खोटं लागत नाही. स्नेहलला काय जातंय? ईस्टरच्या आधी फादरांपुढे कबुली द्यायची आहे मला. पण फादरांना सांगून काय होणार? ज्याला फसवलं त्यालाच सांगायला हवं. आणि सांगितलं तर तो तिला घेऊन जाणार.

१२ एप्रिल

चौदा तारखेला जयंतीनिमित्त लायब्ररीत सलग अठरा तास अभ्यास. दरवर्षी असतो. यंदा पहिल्यांदाच मुलींनाही पूर्ण वेळ परवानगी — मॅडम त्यासाठी कुलगुरूंपर्यंत भांडल्या. (म्हणे मी खमकी!) प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी लावायचं काम माझं. खिडकीजवळ वृषालीचं नाव लावलं. त्याच्या शेजारी स्नेहलने, मला न विचारताच, माझं नाव आधीच लावून ठेवलेलं होतं. 'आराधना — सोनई.' मी उगाचच ती चिठ्ठी दोनदा सरळ केली.

१४ एप्रिल, सोमवार

हॉल सकाळी सहालाच भरला. दुपारी काका आले. पांढरे कपडे, गावातल्या जयंतीहून तसेच, मुलींसाठी बुंदीचा पुडा. मी त्यांना दारातच गाठलं आणि सगळं सांगून टाकलं — अंगठा मागच्या सोमवारीच उमटला. मी खोटं बोलले. पुस्तकाला अंगठा लागतच नाही.

"ठावं हाय," ते म्हणाले. "मागल्या साली तिला ताप आल्ता, तवा तिची पुस्तकं म्याच आनून दिल्ती हितं. कुनी अंगठा मागितला न्हाई."

मी दारातून बाजूला सरकले.

"मी व्याह्यांना शब्द दिलाय, बाई. माझ्या तोंडानं मोडता येत न्हाई. पर सरकारी मशीनपुढं कुनाचं काय चालतंय?" त्यांनी आत डोकावून पाहिलं. वृषाली मान खाली घालून वाचत होती. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला. "पेपर कवा संपत्यात?"

"पंचवीसला."

"मंग तवर उमटू देऊ नका."