वकीलबाईंनी खोडलेली अट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसायाने सैद्धांतिक भौतिकशास्त्राची प्राध्यापक, आता निवृत्त, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणतात, "आमचं रोजचंच काम आहे." त्यांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे, डोकं ठिकाणावर आहे. छातीत मात्र धडधडतंय, आणि त्यातली झडपेची धडधड किती व भीतीची किती हे मला सांगता येत नाही.

१. राहते घर. त्यातला माझा अर्धा हिस्सा यजमानांना मिळावा व त्यांच्या पश्चात माझ्या भाचीला. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी; शिकायला म्हणून आली आणि इथलीच झाली. घरात तिला बारकी म्हणतात. मागची खोली तिची आहे. तिथे यजमानांनी आपली जुनी यंत्रं रचून ठेवू नयेत. मी असताना ऐकलं नाही, निदान मी गेल्यावर ऐकावं.

२. फळा. यजमान प्रयोगवाले, कण टिपणारी यंत्रं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. माझा गेला स्ट्रिंग थिअरीत. वकीलबाईंनी विचारलं म्हणून थोडक्यात सांगते: प्रत्येक कण हा मुळात एक अतिसूक्ष्म तंतू आहे, आणि तो जसा थरथरतो तसा कण आपल्याला दिसतो, असं आम्ही मानतो. त्यासाठी अवकाशाला नेहमीपेक्षा जास्त मिती लागतात. त्या दिसत नाहीत, कारण त्या गुंडाळलेल्या आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच न्याहारीला हे ऐकून यजमान म्हणाले होते, "सोयीचं आहे. मोजता येतात का?" पुढचा सगळा संसार त्या प्रश्नावर झाला. तर माझा फळा त्यांना द्यावा. पुसायला हरकत नाही, पण आधी एकदा वाचावा.

३. खुर्ची. आमच्या माजी विभागप्रमुखांनी भर सभेत माझ्या विषयाला "आकडेमोडीचं अध्यात्म" म्हटलं होतं. त्यांना माझी ऑफिसातली खुर्ची द्यावी. तिचा एक पाय आखूड आहे. मला ती त्यांनीच दिली होती.

त्यांना तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे सांगते. गुरुत्वाकर्षण आम्ही या गणितात घातलं नव्हतं. ते आपण होऊन बाहेर आलं. मी ते पहिल्यांदा स्वतःच्या हाताने काढून पाहिलं तेव्हा मला रडू कोसळलं होतं. सगळं चुकीचं असतं तर इतकं नेमकं जुळलं असतं का? हा प्रश्न मी अजून रोज स्वतःला विचारते. पूर्वी उत्तर पटकन यायचं.

४. बँकेतील ठेव. जो कोणी हा सिद्धांत प्रयोगाने खरा करून दाखवील त्याला ती द्यावी, अशी माझी फार इच्छा होती. वकीलबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली.

"कुणी प्रयोग केला आणि काहीच सापडलं नाही, तर सिद्धांत खोटा ठरला असं धरायचं का?"

"छे! आम्ही सांगितलेले नवे कण वाटले त्याहून जड असतील. मोठं यंत्र लागेल."

"त्यातही नाही सापडले तर?"

"त्याहून मोठं. शिवाय आमच्या समीकरणांतून जगं इतकी निघतात, की मोजदाद नाही. एकात नाही बसलं तर दुसऱ्यात बसेल."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, मग ही अट टिकायची नाही. ती फसली असं कधी म्हणायचं हेच जर ठरत नसेल, तर पैसे जन्मभर अडकून पडतील."

यजमान आत चहा करत होते. एरवी खो खो हसले असते. ते हसले नाहीत, कप मात्र हळूच खाली ठेवला. अट खोडली आहे. ठेव भाचीला, बिनशर्त.

५. अपुरं राहिलेलं गणित. हे मी कुणालाही देत नाही, आणि भाचीला तर नाहीच. ज्याला हवं असेल त्याने मागून घ्यावं.

तिला दोन ठिकाणी बोलावणं आहे. एक जागा माझ्याच विषयातली, दुसरी इस्पितळांचे स्कॅनर बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली. सोमवारी कळवायचं आहे. आज माझी पिशवी भरताना ती म्हणाली, "मावशी, खरं सांग. हे विज्ञान आहे ना? तू म्हणशील ते करते मी." तू म्हणशील ते! मी म्हटलं, "आधी चष्मा टाक पिशवीत."

बारके, तुझ्या काकांच्या, म्हणजे मोजता येण्याच्या, अर्थाने अजून नाही. पुढे मोठं होणारं ज्ञान सुरुवातीला असंच दिसतं, आणि पुढे काहीच न होणारंही असंच दिसतं. बाहेरून फरक कळत नाही. आतून कळतो म्हणतात. मी आतच राहते, मला कळलेला नाही. माझ्यासाठी ही वाट धरू नकोस आणि माझ्यावर चिडून सोडूही नकोस. धरलीस, तर काय दिसलं की मागे फिरायचं, ते पहिल्याच दिवशी ठरव. मी "हो" म्हणावं असं तुला वाटत होतं. पण उत्तर मला माहीत नाही. हे मी राजीखुशीने, कुणाच्याही दबावाला बळी न पडता लिहीत आहे.

उद्या मी वाचले तर हे कागद कुणी उघडणार नाही आणि सोमवारी ती पुन्हा माझ्या तोंडाकडे बघत बसेल. म्हणून कलम ५ तिला आजच, माझ्यादेखत वाचायला द्यावं. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्र असं आधी अमलात येत नाही. हे येऊ द्यावं.

स्थळ: राहते घर, जेवणाचं टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आदला दिवस

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर
२. विद्यापीठाच्या निवृत्त ग्रंथपाल

कलम ५ वाचलं. अर्धं पटलेलं नाही. उद्या शुद्धीवर ये, मग भांडू.
— बारकी