मरण मुऱ्हाळी

२ नोव्हेंबर
दत्तूला जाऊन वर्ष होईल. भाचीने पुण्यस्मरणाचा कागद मोबाइलवर पाठवला. दत्तूचा फोटो, खाली ‘जीवनज्योत मालवली’. माझा भाऊ काय समई होता? मेला म्हणा की सरळ.
सायली म्हणते, “आई, कवी असंच लिहितात.” हिला रविवारी इथल्या मराठी मंडळात बोलायचंय, कवितेतलं मरण. गुडगावच्या ऑफिसातून आली की तेच. दिवा, पाखरू, पैलतीर. म्हटलं, तुझी आजी शेवया वळताना याहून बरं म्हणायची.
“मग सांग ना यार!”
आईला यार म्हणते.

४ नोव्हेंबर
सांगितली ओळ. मरण मुऱ्हाळी माझा, उभा राहिला अंगणी.
हिने लिहिलं ‘मुरली’. वर मलाच समजावते, “मृत्यू म्हणजे कृष्णाची बासरी. बिल्कुल सुंदर!” कपाळ माझं. अगं, मुऱ्हाळी म्हणजे सासरहून माहेरी न्यायला येतो तो. माहेरचा माणूस. तुझा दत्तूमामा!
नीरेहून यायचा. निजामुद्दीनला उतरून थेट पहाडगंजच्या आमच्या खोलीवर. खांद्यावर शेंगांची पिशवी. पाणी नंतर, आधी दारातूनच, “ताई, बॅग भरली का?” ह्यांचं तोंड वाकडं. मला हसू आवरायचं नाही.
आज वरण बुडाला लागलं.

६ नोव्हेंबर
दुसरी ओळ आठवेना. भांडी घासताना जिभेवर येते, जाते. पाठ होती ती दत्तूला. आता माहेरी विचारू असं कोण उरलंय?
सायलीने स्वतःची जोडली, ‘घेऊन गेला गगनी’. म्हटलं, गगनी कुठं? माहेर नीरेला होतं. खोड ते. अर्धीच म्हण.

९ नोव्हेंबर
म्हटली. अर्धीच. मुऱ्हाळी नीट म्हणाली. पुढच्या रांगेतल्या आजी लगेच, “आणि पुढं?”
सायली म्हणाली, “पुढचं मामाला माहीत होतं.”
मी उगाच पर्समध्ये चष्मा शोधत बसले. चष्मा नाकावर.
येताना मेट्रोत हळूच विचारते, “आई, मामाला न्यायला कोण आलं असेल गं?”
सगळ्यांना आणायला तोच जायचा. त्याला कोण येणार?
म्हटलं, कोणी का येईना. बॅग भरली का, एवढं तरी विचारलं असेल का त्याला?