तक्रार म्हणजे रद्द नव्हे

पेण, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या एका वाक्यापायी आज माझ्या भाचीच्या, वैशालीच्या, कारखान्यातली गणपतीची मूर्ती भलत्याच्या हाती जाणार होती. वैशालीने ऑर्डरी सांभाळायला एआय एजंट ठेवला आहे. ऑर्डर रद्द करण्याचे साधन त्याने कधी वापरायचे, ते मीच ऐटीत लिहून दिले होते: ‘ग्राहकाचे मन दुखावल्यास त्याला बंधनातून मुक्त करावे.’ रंगकाम लांबले म्हणून रोह्याच्या मंडळाने नुसती कुरकुर केली. एजंटाने त्यांना मुक्त केले, म्हणजे ऑर्डरच रद्द करून टाकली! दुसऱ्या गिऱ्हाइकाने मूर्ती उचलण्याआधी वैशालीने पाहिले म्हणून निभावले.

“मामा, त्याला भाषण नकोय हो. काय करायचं नि काय नाय, तेवढंच लिहा ना!”

राग आला. तरी लिहिले: ‘ग्राहकाने स्वतः रद्द करा म्हटले तरच वापरावे. तक्रार म्हणजे रद्द नव्हे. शंका असल्यास आधी वैशालीला विचारावे.’ मग चाचणी म्हणून तीच कुरकुर पुन्हा पाठवली. एजंट थांबला. वैशालीला विचारले. माझ्या शब्दाखातर थांबला!

अजून अंगावर काटा आहे. तीस वर्षे चौकाचौकांत बोलतो आहे. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. पण माझे वाक्य इतके खरे मानून कोणी कधी थांबले होते का?

उद्या रोह्यात सभा. भाषणाचे कागद काढले. पहिलेच वाक्य: ‘तरुणांनो, पेटून उठा!’ चारही पाने वाचली. उठून नेमके काय करायचे, ते कुठेच लिहिलेले नाही.