संत्र्याची साल आणि अकोल्याची बस

३ मार्च, सकाळ
डिसिजन फायनल. बाबांच्या लंग कॅन्सरवर संत्र्याच्या सालीतले फ्लेवोनॉइड्स! झाडातली नॅचरल केमिकल्स. रिसर्च पेपर वाचला, काचेच्या प्लेटमधल्या कॅन्सर सेल्स चक्क मेल्या. प्लेट आणि बाबा यात फरक आहे, पण मायनर. उद्या त्यांना अकोल्याच्या हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करून राहिले. आई अन् हर्षाताई सोबत. मी नाही. लॅब कोण सांभाळंल? लॅब म्हणजे किचन.

५ मार्च
ताईचा फोन. बाबा विचारून राहिले, प्रीतम काहून नाही आला. सांगितलं, एक्स्ट्रॅक्शन क्रिटिकल स्टेजले आहे. ताई म्हणे, मिक्सर धुऊन ठेवजो, सायंटिस्ट. सायन्सले रिस्पेक्टच नाही.

६ मार्च
बाबा अकोल्यात, पण त्यांचा खोकला इथंच. बाजूच्या खोलीतून दोनदा आला. जाऊन पाहिलं. खाट रिकामी, उशीत डोक्याचा खड्डा तसाच. शेजारचे नत्थुजी असतील.

७ मार्च
नत्थुजी रविवारपासून धामणगावले, पोरीकडे. मग पाईप असंल. त्या खोलीचं दार लावून घेतलं. धूळ येते.

९ मार्च
पहिली बाटली तयार! कलर अमेझिंग. ओमप्रकाशकाका गाडी घेऊन अकोल्याले निघाले होते, त्यांच्याकडे दिली. म्हणे, सीट रिकामी आहे, चाल ना बे. म्हटलं, दुसरी बॅच भिजून राहिली.
भिजत नव्हती. ते गेल्यावर भिजवली.

११ मार्च
काकांसोबत बाटली परत. डॉक्टर म्हणे, किमो चालू असताना बाहेरचं काहीच द्यायचं नाही, औषधाच्या कामात अडथळा येऊ शकतो. बाबांनी झाकण उघडून वास मात्र घेतला. म्हणे, त्याले सांगा, औषध राहू दे, तू ये.
औषध नाही, तर मी जाऊन करू काय? नुसतं पाहायचं त्यांच्याकडे?

१२ मार्च
ठरलं. उद्या अमरावतीहून पहिल्या बसनं अकोला. रिकाम्या हातानं. हिंमत फुल.

१३ मार्च, दुपार
मूर्तिजापूरपर्यंत मस्त. बस स्टँडवर थांबली. पाणी प्यायले उतरलो. कंडक्टरनं दोन आवाज दिले. मी नळाजवळच उभा. गेली.
बाबांले फोन लावला. बस बंद पडली म्हटलं. त्यांचा आवाज इतका बारीक, आधी वाटलं राँग नंबर. म्हणे, पडू दे, घाई नोको करू. उन्ह लय हाय बेटा, सावलीत राय.
सावलीकडचीच सीट घेतली. अमरावतीच्या बसमध्ये.