बाळंतिणीच्या खोलीची झडती

२९ नोव्हेंबर १९४८

दार अडवलं! मी! पन्नाशीची, गुडघे धरलेली, लोकल बोर्डाच्या पगारावरची नर्स — फौजदारासमोर हात आडवा करून उभी राहिले. राग अजून उतरला नाही. बरं, थोडी भीतीही आहे.

भाजे गावाच्या वरच्या वाडीत सावित्राबाईला काल मुलगा झाला. आज बघायला गेले तर अंगणात फौजदार, दोन शिपाई, पंच म्हणून महिपती आबा पाटील, आणि सगळ्यांच्या पुढे — हौशीराम! डोक्याला पांढरी टोपी. आता दारूबंदी समितीचा अध्यक्ष ना तो! सावित्राबाईचा नवरा गेणू गावठी गाळतो, अशी खबर. खळं पाहिलं, चूल पाहिली, पेंढ्याची गंजी विस्कटली. काही नाही. तेव्हा हौशीराम म्हणाला, "आतल्या खोलीत बघा. बाजेमागं."

त्याला बरोबर ठाऊक! बेचाळीस साली, चळवळीत भूमिगत असताना, तोच तिथे दडला होता. तेव्हा सावित्राबाईची चिंगी दोन दिवसांची. बाजेमागे वाकळांचा ढीग, ढिगाखाली हा. इंग्रजांचा फौजदार पंचांना घेऊन — तेव्हाही महिपती आबाच — खोलीच्या कवाडापर्यंत आला, "बाळंतीण आहे" म्हणाला आणि मागे फिरला. मी शेगडी फुंकत बसले होते. तोंडाला नुसती कोरड!

आज मात्र तोंड सुटलं. म्हटलं, "कागद दाखवा. दुसरा पंच कुठाय? आणि आत जाणाऱ्याने आधी स्वतःची झडती द्यावी." हे मला कोणी शिकवलं? हौशीरामनेच! बेचाळीसात गावोगाव हेच सांगत फिरायचा.

"नर्सबाई, तवा सरकार परकं व्हतं. आता आपलंच हाय."

"मग आपल्या बायकांच्या खोल्यांत आता आपणच शिरायचं का?"

फौजदार म्हणाला, बरं, बाईमाणूस पाठवू. दारात शिपाई बसवून गेले.

३० नोव्हेंबर

आहेत. दोन बाटल्या. बाजेमागच्या कणगीत, भातात खुपसलेल्या. बाळंतपणाच्या वेळीच दिसल्या होत्या. गेणूला तिथल्या तिथे शिव्या घातल्या. तर म्हणतो कसा, "बारशाला पावनं येत्याल, नर्सबाई!" मला दारूचा तिटकारा आहे. दारूड्यांनी फोडलेली डोकी मीच बांधते. पण आता त्या बाहेर काढायच्या कशा? दारात शिपाई. मातीच्या भुईवर ओतल्या तर वासच चुगली करेल. गेणू तुरुंगात गेला तर भात झोडायचं कोणी? ओल्या बाळंतिणीने?

आणि बाटल्या आहेत म्हणून दार उघडायचं? बेचाळीसात तरी खोली कुठे रिकामी होती!

२ डिसेंबर

बोर्डाचा हुकूम आला. बाईमाणूस म्हणजे मीच! पुढच्या गुरुवारी, ९ तारखेला, नर्सने आत जाऊन झडती घ्यावी. नाहीतर नोकरी सोडावी.

बायका मला घरात घेतात, कारण मी पाहिलेलं बाहेर बोलत नाही. एकदा या हातांनी कणगी उपसली की या वाडीत पुन्हा कोण बोलावणार मला? मग अडलेल्या बाईने मरायचं?

३ डिसेंबर

सावित्राबाई पडल्या पडल्या हसते. "बाई, त्यो शिपाई रातभर शिंका देतोय. त्याला कांबळं तरी द्या!"

दिलं.

५ डिसेंबर

मळवलीच्या स्टेशनमास्तरांकडे वर्तमानपत्र वाचलं. दिल्लीत घटना समितीत एका सभासदाने दुरुस्ती मांडलीय — उगाच कुणाच्या घराची, अंगाची झडती नको. वॉरंट हवं, सबळ कारण हवं, कुठली जागा ते लिहिलेलं हवं. मास्तर म्हणाले, अमेरिकेच्या घटनेत हे दीडशे वर्षांपासून आहे. तिथेही इंग्रज राजाचे अंमलदार चोरटा माल शोधायला वाटेल त्या घरात घुसायचे. लोक चिडले. पुढे स्वतःचं राज्य आलं, तेव्हा स्वतःच्याच सरकारलाही तोच लगाम घातला. शहाणी माणसं!

धावतच वाडीवर गेले. सावित्राबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "व्हय तर! दिल्लीत बी बाळंतिणी असत्यालच की."

८ डिसेंबर

पडली! दुरुस्ती नामंजूर!

मास्तर समजूत घालत होते, "अहो, फौजदारी कायद्यात हे आहेच." आहे ना! मग त्या दिवशी वाडीत का नव्हतं? आणि कायदा काय, आज आहे, उद्या बदलतील. घटनेत घातलं असतं तर हात लावताना विचार करावा लागला असता.

राजीनामा लिहिला. पिशवीत ठेवलाय. रडले नाही. उद्या त्या दारात मीच बसणार आहे, बघू कोण ओलांडतं!

९ डिसेंबर

राजीनामा फौजदाराच्या हातात दिला आणि उंबऱ्याशी बसले. हौशीराम म्हणाला, "सरका बाई, मीच जातो. बेचाळीसला त्या फौजदाराला दिसलं न्हाई, पर मला जागा ठावी हाय." माझ्या शेजारून त्याने पाय आत टाकलासुद्धा.

महिपती आबांनी पंचनाम्याचा कोरा कागद खाली ठेवला. "दिसलं व्हतं, हौशीराम. वाकळंच्या भाईर तुजा पाय व्हता. मी बघितला, फौजदारानं बी बघितला. बाळंतिणीची खोली म्हून त्यानं कवाड वढून घेतलं. आन् मी सही केली, काय गावलं न्हाई म्हून."

हौशीरामने उंबऱ्याच्या आतल्या आपल्या पायाकडे पाहिलं. मग तो बाहेर घेतला.