शोधाच्या चौकटीत ‘आप्पा’

२४ फेब्रुवारी, मंगळवार

खोटं बोलले. सरळसरळ खोटं!

धाकट्या भावाचा, हर्षदचा, डोंबिवलीहून फोन. “ताई, यंदा पालखीपुढे गाऱ्हाणं मलाच घालायला लागणार. तू वहीत उतरवून घेतलंयस ना? फोटो काढून पाठव.” मी म्हटलं, हो, शोधते. कसली वही नि कसलं काय!

आप्पांची वाचा गेली त्याला महिना होत आला. उजवा हातही उचलत नाही. हॉस्पिटलातून त्यांना इथे रत्नागिरीला, माझ्याकडेच आणलंय. कळतं सगळं, बोलता तेवढं येत नाही. पूर्णगडला आमच्या वाडीचं गाऱ्हाणं इतकी वर्षं तेच घालत आले. शिमग्यात देवीची पालखी अंगणात आली की आप्पा पुढे व्हायचे, घराघराचं दुखणंखुपणं देवीच्या कानावर घालायचे आणि अख्खी वाडी ओरडायची — होय म्हाराजा! ते शब्द दुसऱ्या कुणाला येत नाहीत.

गेल्या वर्षी फोनवर मला म्हणाले होते, “लिवून घे गो मृणाली, माझा काय भरवसा.” मी स्वयंपाकात. वही कोण काढणार! फोन स्पीकरवर टाकला, टॅबवर एआयचं चॅट उघडलं, माईक चालू केला. आप्पा बोलत गेले, ते टिपत गेलं. शेवटी त्याला सांगितलं, हे शुद्ध मराठीत नीट करून दे. आणि आप्पांना सांगितलं — वहीत उतरवलं!

असो. चॅटमध्ये असणारच. जुनं सगळं शोधता येतं त्यात.

२५ फेब्रुवारी, बुधवार

‘गाऱ्हाणं’ टाकून शोधलं. काही नाही. बरोबरच आहे — गाऱ्हाणं घालणारा माणूस गाऱ्हाणं हा शब्द कशाला उच्चारेल!

मग ‘आप्पा’ टाकलं. धडाधड आली यादी. सगळी माझीच वाक्यं.

‘आप्पांना वाईट न वाटता त्यांचा फोन लवकर कसा ठेवायचा?’

‘आप्पांना पटेल असं शिमग्याला न येण्याचं कारण सुचव.’

‘आप्पा इथे राहायला येतो म्हणतायत. फ्लॅट लहान आहे हे गोड शब्दांत लिहून दे.’

गोड शब्दांत लिहून दिलं होतं त्यानं. मी जसंच्या तसं पाठवलं. आप्पांचं उत्तर — नुसता अंगठा. तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं!

पतसंस्थेत डबा खाताना हे बघत होते. शेजारच्या टेबलावरची दिशा म्हणाली, “काय गो, चेहरा का असा?” मी मोबाइल पालथा घातला. एकेक विचारताना काही वाटलं नव्हतं. त्या त्या दिवशी दमलेली होते, वैतागलेली होते, मन मोकळं केलं, झालं. सगळं एकाखाली एक आलं तेव्हा कळलं मी कशी मुलगी आहे ते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आप्पांना पेज भरवली. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. चमच्याकडे बघत भरवली.

१ मार्च, रविवार

सापडलं!

‘नारळ’ शोधलं. आधी नारळाच्या वड्या, मग सोलकढी, आणि त्याखाली ते. त्या चॅटचं नाव काय, तर ‘प्रार्थनेचे शुद्धलेखन’.

त्यानं केलेलं शुद्ध रूप वाचलं. गुळगुळीत, सरकारी. कुठल्याही देवीला चालेल असं. खाली टीप — ‘व्यक्तिगत उल्लेख वगळून मजकूर सुटसुटीत केला आहे.’

कुठला व्यक्तिगत उल्लेख? वर सरकवत गेले. आप्पांचं मूळ बोलणं होतं तसं होतं —

‘बा देवी आई, वाडीनं ठेवलेलो नारळ मान्य करून घे. दर्यात गेलेल्या होड्या सुखरूप काठाला लाव. आणि माझी मृणाली रत्नागिरीत आहे, एकटी सगळा ओढते, वैतागते पण मनाची वाईट नाय. तिची चूकभूल पदरात घे. आटपा ना, कुकर झालाय.’

ते शेवटचं माझं. माईकनं तेही इमानदारीत टिपलंय. देवीपुढे ते माझी चूक पोटात घाल म्हणतायत आणि मी म्हणतेय, आटपा!

सिंकचा नळ मोठा सोडून रडले. बाहेरच्या खोलीत आप्पा होते.

५ मार्च, गुरुवार

पालखी झाली. आप्पांना गाडीतून पूर्णगडला नेलं, अंगणात खुर्चीत बसवलं. वही कधी नव्हतीच हे हर्षदला कालच सांगून टाकलं आणि आप्पांचं मूळ बोलणं दाखवलं. तो एवढंच म्हणाला, “तुझं नाव ठेवू का काढू?” मी काढ म्हटलं. आप्पांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि जोरजोरात मान हलवली. ठेवलं.

हर्षद अडखळत बोलला. माझ्या नावाशी आला तेव्हा मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पण वाडी ओरडली — होय म्हाराजा! वाडीतल्या सगुणाकाकी शेजारी होत्या. हळूच म्हणाल्या, “दरवर्षीच घेतो तो तुझा नाव. तू खय असतस ऐकूक!”

तरी आज हलकं वाटतंय. आप्पा आता इथेच राहणार, माझ्याकडेच. निदान आता तरी नीट करीन.

६ मार्च, शुक्रवार

चॅटमध्ये सहज ‘लेक’ शोधलं. एकच निघालं, जानेवारीतलं, हॉस्पिटलच्या आधीचं. माझं नव्हे. गणपतीत आप्पांच्या मोबाइलवर भरती-ओहोटी विचारायला मीच हे उघडून दिलं होतं — माझ्याच खात्यावरून. म्हणजे माझी ती सगळी वाक्यं त्यांच्याही समोर होती.

आप्पांनी विचारलंय — ‘लेकीस न कळवता, पडलेल्या एकट्या माणसानं उठायचा कसा?’

त्यानं नीट समजावलंय. कुशीवर वळा, खुर्चीचा आधार घ्या. नाहीच जमलं तर मुलीला फोन करा.

त्याखाली आप्पा — ‘ता नको. ती कामात असते. दुसरा काय ता सांग.’